सूज उतरली

काउंटरसमोर उभं राहून कुणी नुसतं "बीपीची गोळी द्या" म्हणालं की माझं टाळकं सटकतं. अरे, कुठली? बीपीच्या गोळ्या काय एक आहेत का दोन? "ती नाय का राव, पांढरी, बारकी." सगळ्याच पांढऱ्या आणि सगळ्याच बारक्या. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी असे तीस-चाळीस पांढऱ्या-बारक्यावाले येतात आणि मी प्रत्येकावर खेकसतो. माझी बायको खुशबू म्हणते, "आधी स्वतःचं बीपी तपासा." तपासलंय. नॉर्मल आहे. ओरडणाऱ्याचं नॉर्मल असतं आणि गप बसणाऱ्याचं वाढतं, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण आहे.

ठकूबाई गप बसणाऱ्यांतली. वय बासष्ट-त्रेसष्ट. बेल्ह्याच्या शिवेवर त्यांची वस्ती आहे, कांदा करतात, दोन गाई आहेत. नवरा चांगदेव. त्याला दोन वर्षांपूर्वी छातीत स्प्रिंग बसवलेली. स्टेंटला आमच्याकडं स्प्रिंगच म्हणतात, आणि चांगदेव ती बसवल्यापासून गावभर सांगत फिरायचा, "आता आमी स्प्रिंगवर हाय, धक्का बसत न्हाई." माणूस बोलघेवडा. दर बाजाराला बैलबाजारात जाऊन उभा राहणार. घ्यायचं काही नसतं, विकायचं काही नसतं. दुसऱ्याच्या बैलाचे दात बघायचे, वशिंडावर थाप मारायची आणि व्यापाऱ्यांच्या मधे तोंड घालायचं, एवढ्यासाठी. तोवर ठकूबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर पिशव्या राखत बसायची. दोन-दोन तास बसली तरी "पाणी द्या" म्हणायची नाही.

तिला डॉक्टरांनी दिवाळीच्या सुमाराला गोळी चालू केली. अ‍ॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. ह्या जातीच्या गोळ्यांना कॅल्शियम चॅनल ब्लॉकर म्हणतात. हे नाव मी गिऱ्हाइकाला चुकूनही सांगत नाही. एकदा एका रिटायर मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी गोळीच बंद केली. म्हणे कॅल्शियम अडवलं तर हाडं ठिसूळ होतील. हाडांचा काडीचा संबंध नाही. रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, नळी अरुंद होते, दाब वाढतो. ही गोळी कॅल्शियमचं दार लोटून घेते. नळी सैल पडते, दाब उतरतो. चांगली गोळी आहे, माझी तक्रार नाही. फक्त कुणाकुणाच्या सैल पडलेल्या नळ्यांतून पाणी पाझरतं आणि पायात उतरतं. घोटे सुजतात, पंजे सुजतात. त्यानं जीव जात नाही. डॉक्टरला पाय दाखवला तर तो गोळी बदलून देतो, विषय संपला. हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा, कारण ते मी ठकूबाईला सांगितलं नव्हतं.

संक्रांत झाली आणि तिचे पाय सुजले. हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्या पाया पडताना तिची सून रुपाली हिच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. ठकूबाईच्या पायांत जोडवी होती. आताच्या पोरी घालतात तसली तारेची नव्हेत, जुन्या घडणीची, जाड, बंद कड्यांची. लग्नात घातलेली ती तशीच, चव्वेचाळीस वर्षं. बोटं सुजली आणि चांदी मांसात रुतली. रुपाली म्हणाली, "आत्याबाई, कापून टाकू. कटरनं एका मिनटात निघत्यात." ठकूबाईनं पदर ओढून पाय झाकले. त्यानंतर ती घरात कुणाला पाय दिसू देईना.

पुढच्या बाजाराला ती आमच्याकडं आली. पण माझ्याकडं नाही, आधी बाऊजींकडं.

आमची दोन दुकानं शेजारी-शेजारी. एक माझं मेडिकल, आणि मधल्या दारापलीकडं माझे वडील जवरीलाल ह्यांचं सराफी दुकान. आमचे पूर्वज राजस्थानातून आले, पण बाऊजींचा जन्म बेल्ह्याचा. मारवाडी ते फक्त माझ्या आजीशी, धापूबाईशी बोलायचे. ती गेली आणि ती भाषाही त्यांच्या तोंडातून गेली. पंचक्रोशीतल्या निम्म्या बायकांच्या पायांतली चांदी बाऊजींच्या हातची, आणि ते प्रत्येक जोडवं ओळखतात. ठकूबाईनं पाय पुढं केल्याबरोबर म्हणाले, "ही आपलीच. तुझ्या सासऱ्यानं नेली होती."

"शेटजी, सैल करून द्या. लई रुतत्यात."

"पायात असताना सैल कशी होणार? कापावी लागतील."

तिनं पाय मागं घेतला. मग हळूच तिनं बयाबाईचं सांगितलं. बयाबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. "जाऊबाईचं जोडवं कांद्याच्या वाफ्यात पडलं, शेटजी. सगळा वाफा चाळला, घावलं न्हाई. बोट मोकळं राह्यलं. आन् पंधरा दिसांत थोरलं भावजी गेलं. आमच्या ह्यांच्या छातीत आदीच ती स्प्रिंग हाय."

थोरल्या भावजींचं मला विचाराल तर त्यांचं लिव्हर दहा वर्षं आधीच गेलेलं होतं. त्याची औषधं माझ्याच दुकानातून जायची. जोडवं सापडलं असतं तरी ते गेलेच असते. पण बाऊजींनी हे तिला सांगितलं नाही. बाऊजी म्हणजे जुना माणूस. सवाष्णीचं बोट मोकळं ठेवायचं नाही, आधी शेजारच्या बोटात नवं घालायचं आणि मगच जुनं काढायचं, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज आहे. नवी जोडवी काढून त्यांनी तिच्या बोटांना लावूनही बघितली. सुजलेल्या बोटात नवं शिरेना आणि जुनं निघेना. तेव्हा ते म्हणाले, "सूज उतरू दे, मग बदलू. घाई कशाला करायची?"

सराफ म्हणून हा सल्ला सोळा आणे बरोबर होता.

मग ती मधल्या दारातून माझ्याकडं आली. माझ्यासमोर बारा माणसं. एक जण शेळीच्या जंताचं औषध माणसाच्या मेडिकलात मागत होता आणि मी त्याला झापत होतो. ठकूबाई कडेनं म्हणाली, "शेट, ह्या गोळीनं पाय सुजत्यात का?"

"सुजतात," मी म्हणालो. "गोळीनंच सुजतात. घाबरायचं नाही, त्यानं काही होत नाही."

"गोळी थांबली तर उतरंल?"

"उतरेल की. पण..."

तेवढ्यात तो शेळीवाला पुन्हा मधे तोंड घालून बोलला, आणि माझं सगळं लक्ष त्याला शिव्या घालण्यात गेलं. मान वर केली तेव्हा ती पायरीवर जाऊन बसली होती. तो 'पण' मी खरंच म्हणालो होतो का, हे मला आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. खुशबू म्हणते, तुम्ही म्हणालात, मी ऐकलं. मला बरं वाटावं म्हणून ती म्हणत असेल.

तर एका दुकानात तिला सांगितलं की सूज उतरली की बदलू, आणि दुसऱ्यात सांगितलं की गोळी थांबली की सूज उतरेल. बाईनं बेरीज केली. कुणाला विचारलं नाही, कुणाशी बोलली नाही. त्या दिवसापासून गोळी बंद.

फेब्रुवारी संपता संपता ती पुन्हा दुकानात आली. बरोबर चांगदेव होता, हातात डॉक्टरांचा कागद. पाय पुढं करून ती म्हणाली, "शेट, सूज उतरली." घोटे पहिल्यासारखे बारीक, शिरा दिसताहेत, जोडवी बोटात फिरताहेत. मी असा खूश झालो म्हणून सांगू! म्हणालो, "बघा, म्हटलं नव्हतं? आपोआप उतरते." चारचौघांत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चांगदेवनं कागद पुढं केला. "आता धाची दिलीया. म्हनत्यात पाचनं बीपी आवरंना. लई हट्टी बीपी हाय हिचं. माझ्यावानी गरीब न्हाई."

कागदावर लिहिलेलं होतं, एकशे नव्वदवर एकशेदहा. गोळी पाचाची दहा. डॉक्टरांनी तिला विचारलंही होतं, गोळी रोज घेता ना? तिनं मान डोलावली होती. डॉक्टर तरी काय करणार?

आता मला सांगा. गोळी चालू आहे तरी बीपी वाढलेलं. गोळी चालू आहे तरी गोळीनं आलेली सूज उतरलेली. ह्या दोन गोष्टी माझ्यासमोर एकाच वेळी, एकाच काउंटरवर होत्या. वीस वर्षं गोळ्या विकणाऱ्या माणसाला ह्यापुढं अजून काय पाटी लिहून दाखवायची? फार्मसीला नापास झालेलं पोरही बोललं असतं की बाई गोळी घेत नाही. मी दहाच्या तीन स्ट्रिपा काढल्या, कात्रीनं कागदाची पिशवी कापली, वर "सकाळी एक" असं लिहिलं आणि दिल्या. आजही त्याचा मला राग येतो, आणि तो काढायला समोर शेळीवाला नाही.

ती जाताना बाऊजींच्या दारात थांबली. "शेटजी, उतरली सूज. आता बदलायची गरज न्हाई, सैल झाल्यात." बाऊजींनीही मान डोलावली. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आम्ही बाप-लेक जेवायला बसलो तेव्हा दोघंही अगदी समाधानात होतो. बाऊजी म्हणाले, "ठकूचं काम झालं." मी म्हणालो, "हो, माझ्याकडंही आलेली."

त्यानंतरच्या दोन महिन्यांत गोळ्या न्यायला चांगदेवच यायचा. स्वतःच्याही न्यायचा, तिच्याही. कधी चुकला नाही.

एप्रिलमधला बाजार. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कांद्याचे टेम्पो रस्ताभर. चांगदेव बैलबाजारात, ठकूबाई पायरीवर. खुशबूनं तिला चहा दिला. काही वेळानं कप फुटल्याचा आवाज आला, म्हणून मी वाकून बघितलं. चहा तिच्या मांडीवर सांडला होता, कढत, आणि तिला त्याचं काही नव्हतं. डावा हात लुळा पडलेला. मी हाक मारली तेव्हा तिनं तोंड वर केलं. तोंड एका बाजूला ओढलेलं.

मी काउंटरवरून उडीच मारली. यंत्र लावलं. दोनशे तीसवर एकशेवीस. खुशबू ओरडत बैलबाजाराकडं पळाली. चांगदेव आला तो एका हातात टोपी आणि एका हातात कुणाच्या तरी बैलाचा कासरा घेऊन, सोडायचं भान नव्हतं. त्याचा मालक मागून पळत आला. मी गाडी काढली. ठकूबाईला मागच्या सीटवर आडवी केली, चांगदेवनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आम्ही आळेफाट्यावरून नारायणगावला निघालो. वाटेत तो एकच बोलत होता, "अगं, ठकू, बघ की माझ्याकडं. अगं, बघ की." मी इतका हॉर्न आयुष्यात कधी वाजवला नाही.

तिथल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. आरती नाव. तिनं पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी चालू आहे का?"

"एक दिस चुकली न्हाई," चांगदेव म्हणाला. "धाची हाय. मीच आनतो."

मी मागं उभा होतो. मीही मान डोलावली.

मेंदूचा एमआरआय काढायचा ठरलं. ठकूबाई ग्लानीत होती. नर्सनं सांगितलं, "अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. मशीनला चालत नाही." मंगळसूत्र काढलं, ते बांगड्यांसकट एका रुमालात बांधलं. मग नर्सचं लक्ष पायाकडं गेलं. "ही पण. निघत नसतील तर कापावी लागतील, कटर आणू?"

चांगदेव म्हणाला, "नगं. मीच काढतो."

तो गुडघ्यावर बसला. तिचा पाय हातात घेतला आणि जोडवं धरलं. साबण लागला नाही, तेल लागलं नाही. नुसतं जरा फिरवलं आणि ते निघून त्याच्या तळव्यात आलं. मग दुसरं. तिसरं, चौथंही तसंच. बोटांवर चव्वेचाळीस वर्षांचे गोरे पट्टे राहिले होते. चांगदेवनं चारही जोडवी बंडीच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला.

मी तिच्या पायांकडं बघत होतो. दहा मिलिग्रॅम. एप्रिलचं ऊन. दिवसभर पाय लोंबते ठेवून पायरीवर बसणारी बाई. आणि घोटा माझ्या मनगटाएवढा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या उशिरा पडला की तो न पडलेला बरा. मी डॉक्टर आरतीला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, ती गोळी घेत नसणार. दोन-तीन महिने घेत नसणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी मेडिकलवाला आहे," मी म्हणालो. मला स्वतःची लाज वाटली.

मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली होती. त्यामुळं डावं अंग गेलेलं. इलाज सुरू झाले. सूरज, म्हणजे चांगदेवचा मुलगा, आणि रुपाली टेम्पोतून आली. बाऊजींचा फोन आला, दिवस मावळतोय, जेवलास का? मी म्हणालो, आज नाही. मी तिथंच थांबलो. मला घरी जाववेना.

दिवेलागणीला ठकूबाईनं डोळे उघडले. पलंगाची डावी बाजू दाराकडं होती आणि उजवी खिडकीकडं. चांगदेव दाराच्या बाजूला स्टुलावर बसला होता, तिचा डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून. खिडकीकडं रुपाली आणि सूरज उभे होते. मी पायथ्याशी.

तिनं रुपालीकडं बघितलं. मग सूरजकडं. मग नजर खाली आली. चादरीतून उजवा पाय बाहेर आला होता. बोटांवर काही नव्हतं. ती बघत राहिली. जोडवी चांगदेवच्या खिशात आहेत हे आम्हाला माहीत होतं, म्हणून ते सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

"ह्ये कुठंयत?" तिनं विचारलं. शब्द जड येत होते, पण कळत होते.

"अगं, मी हाय की हितं," चांगदेव म्हणाला.

ठकूबाईनं आवाज ऐकला. आणि मान वळवली ती खिडकीकडं. रुपाली, सूरज, त्यांच्या मागं भिंत. सगळीकडं शोधलं. पुन्हा पायाकडं बघितलं.

"अगं ठकू, मी बोलतोय. हात धरलाय तुजा."

ती पुन्हा खिडकीकडंच वळली. तिचे डोळे भरून आले. सुनेला म्हणाली, "आवाज येतोय गं त्यांचा. मानूस न्हाई, नुस्ता आवाज." आणि तोंड वाकडं असताना जसं रडता येतं तसं ती रडायला लागली. "मी गोळी बी सोडली, तरी ऱ्हायले न्हाईत. कापलीच का गं तुमी? कापलीच का?"

चांगदेव तिचा हात हलवत होता, "अगं हाय, अगं जित्ता हाय मी," असं ओरडत होता, आणि ती त्याच्याकडं पाठ करून त्याच्यासाठी रडत होती. मी अठरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो, सरळ हुंदके देऊन, पायथ्याचा लोखंडी दांडा धरून.

आवाज ऐकून डॉक्टर आरती धावत आल्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "बाबा, तुम्ही इकडून उठा," त्या म्हणाल्या. "तिला डावी बाजू कळतच नाही सध्या. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू घेत नाही. पलीकडून जा."

चांगदेव उठला. पलंगाला वळसा घालताना तो स्टुलाला अडखळला, मी त्याला धरलं. तो खिडकीच्या बाजूला जाऊन तिच्या तोंडासमोर वाकला. ती रडायची थांबली. उजवा हात उचलून तिनं त्याच्या गालावर ठेवला, मग कानावर, मग टोपीवर. चांगदेवनं खिशात हात घातला आणि चारही जोडवी तिच्या उघड्या तळहातावर ठेवली.

नंतर त्यानंच ती घातली. आधी उजव्या पायात, तिच्या देखत. डाव्या पायात घातली ती तिला दाखवावी लागली. पाय उचलून उजवीकडं आणला तेव्हा तिला खात्री पटली.

घरी आल्यावर रुपालीला कणगीमागं पत्र्याचा डबा सापडला. ती तो दुकानात घेऊन आली. डब्यात सगळ्या गोळ्या होत्या. पाचाच्या वेगळ्या, दहाच्या वेगळ्या, रोज एक-एक स्ट्रिपमधून फोडून काढलेल्या. चांगदेवला रिकामी स्ट्रिप दिसली पाहिजे म्हणून फोडायची, आणि औषध उकिरड्यावर कसं टाकायचं म्हणून जपून ठेवायची. खुशबूनं डबा माझ्यासमोर ठेवला. बाऊजी मधल्या दारातून आले. माझ्या दुकानात ते सहसा येत नाहीत, औषधांच्या वासानं डोकं दुखतं म्हणतात. डब्याकडं बघून म्हणाले, "माझ्याकडं का नाही बोललास, तिनं गोळीचं विचारलं म्हणून?"

"तुम्ही का नाही बोललात, तिनं जोडव्याचं विचारलं म्हणून?"

मधलं दार कायम उघडंच असतं. त्या दिवशीही उघडंच होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. त्याच घराण्यातली, पण पायाला फार त्रास न देणारी. पावसाळा लागला तरी घोटे सुजलेले नाहीत. म्हणजे बदलून घेतली असती तर हे सगळं संक्रांतीलाच मिटलं असतं, एका चिठ्ठीत. आता कुणीही बीपीची गोळी मागितली की मी आधी पाय बघतो. पुरुष असो, बाई असो, कोण हसो, कोण चिडो. "पाय दाखवा, मग गोळी." बायकांना खुशबू आत नेते. आणि 'पण' आला की शेळीवाला असो नाहीतर त्याचा बाप असो, 'पण'च्या पुढचं पूर्ण बोलल्याशिवाय मी मान वळवत नाही.

ठकूबाई आता काठी घेऊन चालते, डावा पाय ओढत. डावीकडचं अजूनही तिला उशिरा कळतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, रुपाली ताट फिरवून देते. पूर्वी चांगदेव आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांसारखा बायकोच्या चार पावलं पुढं चालायचा. आता तो तिच्या उजव्या अंगाला असतो. रस्ता कसाही वळो, टेम्पो कुठूनही येवो, तो वळसा घालून उजवीकडंच येतो. आणि गोळी ती रोज घेते, पण तिची एक अट आहे. "ह्ये समोर दिसल्याबिगर मी गोळी तोंडात घालनार न्हाई." रुपाली सांगत होती, एकदा तो पहाटेच गाईचं औषध आणायला गेला, तर दुपारी तो येईपर्यंत बाई गोळी मुठीत धरून बसलेली. मुठीत गोळी विरघळून गेली होती.

मागं एका बाजाराला दोघं आली. मी पायरीवर खुर्ची टाकली, ठकूबाई बसली. चांगदेव तिच्या उजव्या बाजूला पायरीवर टेकला. सकाळची गोळी राहिली होती. खुशबूनं पाणी दिलं. ठकूबाईनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि गोळी गिळली.

मी म्हणालो, "चांगदेवबाबा, झालं आता. जाऊन या की बैलबाजारात. आज खिलारी जोड आलीय म्हणतात, लई नामी."

तिकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज इथपर्यंत येत होता. दोनशे पावलांवर तर बाजार. त्यानं मान लांब करून तिकडं बघितलं. मग ठकूबाईकडं बघितलं. ती समोर रस्त्याकडं बघत होती आणि तिचा उजवा हात त्याच्या बंडीच्या खिशावर होता.

"ऱ्हाऊ दे," चांगदेव म्हणाला. "बैलं काय, पुढल्या बाजारालाबी असत्यात."

पुढच्या बाजारालाही तो गेला नाही.